रंग उडालेल्या व्हिनियरचा जुना पूल क्यू: ओळखायचा कसा आणि हात कुठे लावायचा

पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाचा जुना क्यू, म्हणजे खेळायची काठी, हातात आला आणि पॉइंटच्या कडेच्या रंगीत पट्ट्या विटलेल्या दिसल्या की नव्या माणसाला पहिला मोह होतो तो पॉलिश पेपरचा. जरा थांबा. पुष्कळदा जे विटलेलं दिसतं ना, त्यातला बराचसा भाग रंगाचा नसतोच, वरच्या फिनिशचा असतो, आणि तो फरक कळायच्या आत लाकूड घासलं तर गेलेलं लाकूड काही परत येत नाही. म्हणून या लेखात अर्ध्याहून जास्त जागा नुसतं बघण्याला दिली आहे, घासायचं काम शेवटाकडे येईल, आणि काहींच्या क्यूबाबत तर ते यायलाच नको.

शब्द पटकन सांगून टाकतो. टिपकडचा, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकाकडचा, निमुळता अर्धा भाग तो शाफ्ट, मागचा जाड भाग तो बट, दोन्ही जिथे स्क्रूने जोडतात तो जॉइंट. बटमध्ये जॉइंटपासून रॅपपर्यंतचा तुकडा म्हणजे फोरआर्म, रॅप म्हणजे पकडायच्या जागी गुंडाळलेला लिननचा दोरा किंवा चामडं, त्याच्या मागे स्लीव्ह, बट कॅप आणि रबराचा बंपर. फोरआर्मवर गडद लाकडाची जी लांब अणकुचीदार टोकं दिसतात ते पॉइंट, आणि त्या टोकांच्या कडेने एकाला एक लागून जाणाऱ्या बारीक रंगीत रेषा म्हणजे व्हिनियर, ज्या बहुतेक वेळा रंगात भिजवलेल्या मेपलच्या पातळ पट्ट्या असतात.

पॉइंट खरे आहेत का

हे पहिलं काम, कारण पॉइंट खोटे असतील तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही. स्वस्त क्यूवर पॉइंट छापलेले किंवा चिकटवलेल्या फिल्मचे असतात. दहापट मोठं दाखवणारी लूप घ्या, त्यातून रंगाचे ठिपके दिसले, किंवा लाकडाचे रेषे पॉइंटच्या हद्दीवर न थांबता सरळ आरपार गेलेले दिसले, किंवा एखाद्या ओरखड्यातून रंगाखालचं वेगळंच लाकूड डोकावलं, तर ते चित्र आहे. अशा क्यूला पॉलिश पेपर लावला की पॉइंटच निघून येणार, तेव्हा नुसता पुसून खेळायला घ्या.

दुसरा प्रकार मशीनने कोरून बसवलेल्या पॉइंटचा. यात लाकूड खरं असतं पण कोरणारं बिट गोल फिरतं, त्यामुळे पॉइंटचं टोक बारकाईने बघितलं तर किंचित गोलसर असतं. जुन्या पद्धतीच्या स्प्लाइसमध्ये, म्हणजे लाकडात लाकूड बसवून केलेल्या जोडात, फोरआर्मच्या लाकडात इंग्रजी व्ही आकाराची लांब खाच पाडतात, चौकोनी गडद पट्टीच्या दोन बाजूंना व्हिनियर चिकटवतात, कोपऱ्यावर ते एकमेकांना तिरके मिळतात, आणि तो कोपरा त्या खाचेत सरसाने बसवून मग अख्खा दांडा लेथवर उतरवतात. म्हणून टोक सुईसारखं येतं आणि लूपखाली प्रत्येक रंगाच्या टोकाशी दोन पट्ट्या भेटल्याची केसाएवढी रेघ सापडते. ती रेघ सापडली की समजा काम हाताचं आहे. चारही पॉइंटची उंची तंतोतंत सारखी नसेल तर घाबरू नका, जुन्या चांगल्या क्यूतही थोडाफार फरक असतो.

स्प्लाइसमध्ये परत दोन जाती. फुल स्प्लाइसमध्ये बटचं गडद लाकूड आणि पुढचं मेपल हाताची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे लांबवर घुसलेले असतात आणि खालपर्यंत एकच दांडा चालू राहतो. हाफ स्प्लाइसमध्ये पॉइंट फोरआर्मपुरतेच, खाली रॅपच्या आत कुठेतरी दुसऱ्या लाकडाशी सपाट जोड असतो. ब्रन्सविकचा टायटलिस्ट हा फुल स्प्लाइसचा सगळ्यात प्रसिद्ध जुना क्यू, मुळात पूल हॉलच्या भिंतीवर टांगायचा एकसंध क्यू, पण त्याचं लाकूड आणि जोडकाम इतकं चांगलं होतं की नंतरच्या मोठमोठ्या कारागिरांनी टायटलिस्ट मधोमध कापून, जॉइंट बसवून दोन तुकड्यांचे क्यू बनवले. शिकागोचे हर्मन रॅम्बो त्यातले, न्यूयॉर्कचे जॉर्ज बालाबुश्काही त्यातले.

क्यू कोणाचा, कधीचा

इथे अपेक्षा बेताची ठेवा. जुने कारागीर बरेचदा क्यूवर नाव घालतच नसत, त्यामुळे सही शोधण्यापेक्षा खुणा जुळवणं जास्त कामाचं. कारखान्याचा लेबल किंवा शिक्का असेल तर सोपं: ब्रन्सविक-बाल्क-कॉलेंडर असं लांबलचक नाव असेल तर क्यू १८८४ ते १९६० मधला, कारण १९६० मध्ये कंपनीने नाव आखडून नुसतं ब्रन्सविक कॉर्पोरेशन केलं. व्हायकिंग १९६५ पासून, जॉस १९६८ पासून, मॅकडरमॉट १९७५ पासून, आणि अशा मोठ्या कंपन्यांचे जुने कॅटलॉग जमवणारे लोक आहेत, त्यातून मॉडेल जुळवता येतं आणि मुख्य म्हणजे व्हिनियरचे मूळ रंग कोणते आणि कुठल्या क्रमाने होते तेही कळतं. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

जॉइंटचा स्क्रूसुद्धा बोलतो. ५/१६-१४ म्हणजे स्क्रूची जाडी ५/१६ इंच आणि एका इंचात १४ आटे. स्टीलच्या कॉलरबरोबर, म्हणजे जॉइंटभोवतीच्या कड्याबरोबर, हा स्क्रू अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या परंपरेत खूप दिसतो. ५/१६-१८ मेउची कंपनीच्या क्यूमध्ये सापडेल, आणि ३/८-१० हा जाड आट्यांचा स्क्रू मॅकडरमॉटची ओळखच आहे. आटे मोजायला थ्रेड गेज मिळतं, नसेल तर पट्टी लावून मोजा. अर्थात जॉइंट मागाहून बदललेला असू शकतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

आणि बालाबुश्का. हा माणूस १९१२ साली रशियात जन्मला, लहानपणीच अमेरिकेत आला, १९५९ पासून १९७५ मध्ये जाईपर्यंत क्यू बनवत राहिला. तो आधी टायटलिस्टचे दांडे वापरायचा, पुढे बर्टन स्पेन आणि गस झांबोटी यांच्याकडचे स्प्लाइस केलेले दांडे वापरायला लागला. म्हणजे पॉइंट आणि व्हिनियर एकाच्या हातचे, क्यू दुसऱ्याच्या नावाचा, हे त्या काळी अगदी नॉर्मल होतं. पुढे त्याचं नाव लायसन्सवर घेऊन कारखान्यात बनवलेले क्यूही बाजारात आले, नकलाही निघाल्या, तेव्हा बटवर ठळक सही दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. असा थोडा जरी संशय आला की हातातला क्यू खरोखर मोठ्या कारागिराचा असू शकतो, तर इथेच थांबून जाणकाराला दाखवा. अशा क्यूमध्ये मूळ फिनिशखालचा विटका व्हिनियर हा नव्या चकचकीत व्हिनियरपेक्षा जास्त मोलाचा धरतात.

रंग उडालाय की फिनिश पिवळं पडलंय

आता मुद्द्याची गोष्ट. जुनं लॅकर वयाने पिवळं होतं, त्यावर पूल हॉलमधल्या सिगरेटच्या धुराचा थर, वर हाताचा मळ. या पिवळ्या काचेतून बघितल्यावर निळा व्हिनियर हिरवट दिसतो, पांढरा सायीच्या रंगाचा, हिरवा शेवाळी, जांभळा तपकिरी, लाल विटकरी. म्हणजे खाली रंग धडधाकट असतानाही वरून बिचारा आजारी दिसतो. खरं उडणं वेगळं असतं, तिथे रंग नुसता दुसरीकडे झुकत नाही, त्याचा जोरच जातो, आणि मेपलचा मूळ भुरा रंग खालून वर यायला लागतो.

तपासायचं असं. बट हळूहळू गोल फिरवत भर उजेडात बघा. वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेला क्यू असेल तर खिडकीकडची बाजू आणि भिंतीकडची बाजू यात फरक पडतो, एकाच व्हिनियरचा रंग एकीकडे फिका आणि दुसरीकडे गडद दिसला की उजेडाने रंग खाल्ला हे नक्की. पिवळेपणा मात्र चारी बाजूंना साधारण सारखा असतो आणि पांढऱ्या रिंगांवर, मेपलवर पण दिसतो. मग फिनिशची एखादी टवका उडालेली जागा शोधा, तिथे लाकूड उघडं असेल तर खरा रंग समोरच आहे.

सगळ्यात भारी पुरावा मात्र रॅपखाली लपलेला असतो. हाफ स्प्लाइसच्या क्यूत पॉइंटचा बुंधा रॅपच्या खाचेत शिरलेला असतो, तिथे उजेड कधी पोचलेलाच नसतो. पण नुसती उत्सुकता म्हणून चांगला रॅप सोडू नका हं, मूळ आयरिश लिनन असेल तर तोही क्यूच्या किमतीचा भाग आहे. रॅप फाटलेला, सैल, बदलायलाच झालेला असेल तेव्हाच काढा आणि काढल्या काढल्या, बाकी काहीही करायच्या आधी, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून फोटो काढा. रंग परत द्यायची वेळ आली तर हाच तुमचा नमुना.

एक सापळा आहे. सगळे तपकिरी व्हिनियर उडालेले नसतात, काही जन्मतःच अक्रोड किंवा महोगनीचे असतात, त्यांना कोणी रंग दिलेलाच नव्हता. लूपखाली बघा, अक्रोडाची बारीक उघडी छिद्रं लांबट काळ्या रेघांसारखी दिसतात, मेपल मात्र गुळगुळीत. काळा रंग बहुतेक टिकतो, फार तर करडा-तपकिरी होतो, त्यामुळे चार रेषांत फक्त काळी शाबूत आणि बाकीच्या मातकट असं चित्र अगदी कॉमन आहे. लाकूडही स्वतःचा रंग बदलतं, मेपल उजेडात मधासारखं होत जातं, पर्पलहार्टचा जांभळा तपकिरीकडे जातो, हे सगळं व्हिनियरच्या खात्यावर टाकू नका.

बाकीची तब्येत

रंगाच्या नादात हे राहून जातं. बट आणि शाफ्ट वेगवेगळे सपाट टेबलावर लोळवा, मग जोडून लोळवा. दोन्ही सरळ पण जोडल्यावर डुगडुगतात तर दोष जॉइंटच्या तोंडाशी आहे. बट हातात सैल धरून बंपर जमिनीवर हलकेच आपटा, आतून झणझण आवाज आला तर आतला वजनाचा बोल्ट, एखादी रिंग किंवा स्प्लाइस सुटलंय. पॉइंटच्या कडेने नख फिरवा, नख अडकलं तर तिथे जोड उघडायला लागलाय. जुन्या क्यूत सरस वापरलेला असू शकतो, त्याला ओल आणि उष्णता दोन्ही चालत नाही, म्हणून वाफ, हीट गन, ओला फडका हे प्रकार बटपासून लांबच ठेवा. उघडलेल्या फटीत अगदी पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लू) थेंबभर सोडलं की आपोआप आत ओढलं जातं, पण आधी न दिसणाऱ्या जागी बघून घ्या की त्याने व्हिनियरचा रंग पसरत नाही ना.

फेरूल (शाफ्टच्या टोकाशी टिपखाली बसवलेली नळी) किंवा जॉइंट हस्तिदंताचा वाटला (आडव्या छेदात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते) तर तो क्यू विकताना किंवा देशाबाहेर नेताना कायदा आडवा येतो, आफ्रिकन हत्तीच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला आणि बऱ्याच देशांचे स्वतःचे नियम त्याहून कडक आहेत.

सफाई, आणि कदाचित तेवढंच पुरे

कॉटन बड जेमतेम ओला करून एका इंचावर फिरवा. हसाल, पण म्युझियममध्ये जुन्या वस्तूंवरचा मळ काढायला थुंकीत बुडवलेला कापूस खरोखर वापरतात, तिच्यातल्या एन्झाइममुळे हाताचा तेलकट थर छान सुटतो. त्याने नाही भागलं तर व्हाइट स्पिरिट किंवा नॅफ्था, कापडाला लावून, क्यूवर ओतून नाही. प्रत्येक बड तपासत चला: तपकिरी-पिवळं आलं तर मळ किंवा धूर, लाल-हिरवं-निळं आलं तर रंग सुटतोय, तिथल्या तिथे थांबा.

मळ निघाल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि परत बघा. खूप क्यू इथेच पास होतात, वरून थोडं मेण लावलं की झालं.

फिनिश काढायचंच ठरलं तर

आधी फिनिश कुठलं ते ओळखा. बट कॅपजवळ, पॉइंटपासून लांब, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर अल्कोहोलचा थेंब लावा, चिकट झालं तर चपड्याचं म्हणजे शेलॅकचं पॉलिश. नाही झालं तर लॅकर थिनरचा थेंब, विरघळलं तर लॅकर. दोघांनाही दाद दिली नाही तर पॉलीयुरेथेनसारखं काहीतरी नवं आहे आणि क्यू बहुतेक आधीच एकदा कोणीतरी रिफिनिश केलेला आहे. प्लास्टिकच्या रिंगा टाळून हे करा, जुन्या रिंगा सेल्युलॉइडच्या असू शकतात, थिनरने त्या वितळतात आणि आगीला तर लगेच धरतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा, शेलॅक नारिंगी चमकतं आणि मागे कोणी ठिगळ मारलं असेल तर ते वेगळं उठून दिसतं.

फिनिश कळलं तरी ते केमिकलने उतरवू नका. हे माझं ठाम मत आहे. स्ट्रिपर किंवा थिनर फडक्याने फिरवलं की व्हिनियरचा रंग, शिवाय रोजवूड-कोकोबोलोचा स्वतःचा लाल रस, शेजारच्या पांढऱ्या मेपलमध्ये उतरतो आणि मग तो डाग काढायला मेपल घासत बसावं लागतं. कोरडंच काम करा: धारदार स्क्रेपर किंवा नवं ब्लेड जवळजवळ उभं धरून, जॉइंटकडून रॅपकडे, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, पिवळा भुसा पडेपर्यंत. भुशाचा रंग बदलून लाकडाचा व्हायला लागला की ब्लेड खाली ठेवा. तोंडावर चांगला मास्क हवा, एबनी आणि रोजवूडच्या भुशाची पुष्कळांना अ‍ॅलर्जी होते.

मग ४०० नंबरचा पेपर, मागे कडक पट्टी लावून, कारण नुसत्या बोटाने घासलं तर मऊ मेपल जास्त झिजतं, कडक एबनी कमी, आणि हाताला लाटा लागतात. पुढे ६००. लेथ असेल तर हळू वेग ठेवा आणि पेपर एका जागी थांबवू नका. भुसा ओल्या फडक्याने पुसू नका, गडद भुसा मेपलच्या रेषांत घुसतो, ब्रशने झाडा किंवा हवेने उडवा.

किती घासायचं? इथे थोडी भूमिती. व्हिनियर खाचेत खोलवर गेलेला असतो, फर्निचरच्या व्हिनियरसारखा तो घासून संपत नाही, आणि उजेडाने मारलेला थर अगदी वरवरचा असतो, त्यामुळे हलक्या हातानेच खालचा ताजा रंग बऱ्यापैकी वर येतो. पण पॉइंटचं टोक हे फार उथळ उतारावर वर आलेलं असतं. साधारण १२ मिलिमीटर खोली २८० मिलिमीटर लांबीत संपते, म्हणजे पृष्ठभागावरून एक दशांश मिलिमीटर काढला तर पॉइंट दोन मिलिमीटरच्या आसपास आखूड होतो, आणि एका बाजूला जास्त घासलं तर चार पॉइंट चार उंचीचे. शिवाय स्टीलचा कॉलर काही झिजत नाही, तेव्हा लाकूड त्याच्यापेक्षा खाली गेलं की बोटाला पायरी लागते. व्हर्नियर कॅलिपरने आधी तीन-चार जागी व्यास मोजून लिहून ठेवा आणि रंग "बरा" झाला की थांबा, "नवा" व्हायची वाट बघू नका.

रंग द्यायचा तर असा, की काढता येईल

एवढं करूनही रेषा मेलेलीच असेल तर रंग देता येतो. उघड्या लाकडात डाय, म्हणजे मुरणारा रंग, सोडायचा मोह टाळा, तो रेषांतून बाजूला पळतो आणि परत निघत नाही. त्याऐवजी आधी सगळ्या फोरआर्मवर पातळ पारदर्शक थर स्प्रेने द्या, ब्रशने नाही, ब्रश रंग ओढत नेतो. दोन-तीन धुक्यासारखे थर बसले, सुकले, की त्या थरावर अगदी बारीक ब्रशने, उजेडात टिकणारं पिगमेंट असलेल्या रंगाने व्हिनियरच्या रेषेवरून जा. ब्रश टेकवायला हाताखाली आधार घ्या, टोकाकडून रुंदीकडे या, आणि रंग नमुन्याच्या फोटोपेक्षा जरा फिकाच ठेवा, कारण शेजारचं मेपलही आता जुनं आहे आणि कोऱ्या रंगाची रेष त्यात ओरडते. चुकलं तर खालचा थर मध्ये असल्यामुळे पुसून परत करता येतं. हे चालावं म्हणून रंग आणि फिनिश वेगवेगळ्या द्रावणाचे हवेत, म्हणजे लॅकरवर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक चालतो, लॅकरवर थिनरमधला रंग चालत नाही.

वरून शेवटचे थर. नव्या माणसाने स्प्रे कॅनमधलं लॅकर घ्यावं, पातळ थर, मध्ये नीट वेळ, हवा खेळती आणि जवळ ज्योत नाही. दोन भाग मिसळायचं ऑटोमोटिव्ह क्लिअर जास्त कडक असतं खरं, पण त्यातल्या आयसोसायनेटसाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, ते काम वर्कशॉपवाल्यांना द्या. अल्ट्राव्हायोलेट रोखणारं क्लिअर मिळालं तर घ्या, रंग उडणं त्याने मंदावतं, थांबत नाही. लॅकर हाताला सुकलेलं लागलं तरी आतून आक्रसत असतं, दोन ते चार आठवडे टांगून ठेवा आणि मगच १५००-२००० च्या पेपरने आणि पॉलिशिंग कंपाउंडने घासून चमक आणा. रॅप सगळ्यात शेवटी बांधायचा, त्याच्या खाचेत लॅकरचा थर साचलेला असेल तर आधी तो साफ करून, नाहीतर दोरा लाकडापेक्षा वर उठतो.